वेणेच्या काठी एक दिवस

प्रवासवर्णन म्हटले म्हणजे वाचकांस काशी-रामेश्वराची, निदान महाबळेश्वराची तरी अपेक्षा असणे साहजिक आहे. आम्ही जेथे जाऊन आलो ते स्थळ नागपुराहून जेमतेम पाच कोसांवर. तेथे देवस्थानाची ख्याती नाही, आणि हवापालटासाठी तेथे जा, असे कोणताही वैद्य सांगणार नाही. हिंगणा हे नागपूर जिल्ह्यातील एका तालुक्याचे गाव. नागपूरकरांच्या तोंडी हिंगणा म्हणजे कारखान्यांची वसाहत, ट्रॅक्टरचा मोठा कारखाना आणि सायंकाळी रस्त्यावर होणारी वाहनांची दाटी. त्या गावास एक नदी आहे, हे आमच्याच घरातील तरुण मंडळींस ठाऊक नव्हते. मग परगावच्या वाचकांस ते कोठून असणार!

जाण्याचे कारण घरगुती होते. आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव कापडविद्येची पदवी घेऊन चार वर्षे परक्याच्या नोकरीत आहेत. हिंगण्याच्या वसाहतीत एका स्नेह्याचे लहानसे रंगाईघर आहे, त्यात भागी घ्यावी असे त्यांच्या मनाने घेतले. भागी म्हटली की भांडवल आले. आणि आमच्या एकत्र कुटुंबात मोकळे भांडवल म्हणजे मुख्यतः आत्याबाईंची ठेव. आत्याबाईंचे वय ८२. यजमान निवर्तल्यावर हिंगणघाटचे सासरचे घर दिरांच्या स्वाधीन करून त्या माहेरी येऊन राहिल्या, त्यासही आता पुष्कळ वर्षे झाली. भाच्याच्या मुलाची सर्व योजना त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि एवढेच म्हणाल्या, "पैसा कुठे पळून जात नाही. पण मला ती जागा एकदा दाखवा." घरातल्या बैठकीत दोन प्रश्न निघाले होते. हा धंदा टिकेल काय, हा एक. आणि तो टिकला तर त्याच्या भोवतालचे टिकेल काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर चिरंजीवांनी तक्त्यांसह तयार ठेवले होते. दुसऱ्याचे उत्तर कोणापाशीच नव्हते. म्हणून मार्गशीर्षातल्या एका सकाळी आत्याबाई, सौभाग्यवती, चिरंजीव आणि आम्ही असे चौघे घरून निघालो.

महालातून सीताबर्डीकडे येताना गांधीसागर तलाव लागतो. जुन्या लोकांच्या तोंडी तो अजून शुक्रवारी किंवा जुम्मा तलावच आहे. त्याच्या काठी आज जेथे मोठे विक्रीसंकुल उभे आहे, तेथे एम्प्रेस मिल होती. जमशेटजी टाटांनी ही दलदलीची जागा गिरणीसाठी निवडली, तेव्हा नागपुरातील एका सावकाराने, हे गृहस्थ जमिनीत सोने पुरीत आहेत, असे म्हणून पैसे देण्याचे नाकारले. पुढे त्याच सावकाराने, यांनी माती घातली आणि सोने काढले, अशी कबुली दिली, ही गोष्ट नागपुरात सर्वश्रुत आहे. १ जानेवारी १८७७ रोजी गिरणी सुरू झाली. कापूस दाराशी, आगगाडी दाराशी, पाणी तलावाचे. कामगारांच्या निवृत्तिवेतनाची तजवीज या गिरणीने १८८६ साली केली, म्हणजे त्या काळी ही कल्पनाच मुळी पुष्कळांस चमत्कारिक वाटली असेल. आत्याबाईंच्या लग्नातील रुखवतापासून आहेराच्या धोतरजोड्यांपर्यंत सर्व कापड याच गिरणीचे होते. अशी ही गिरणी १९८६ साली राज्य शासनाच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ साली कायमची बंद पडली. सव्वाशे वर्षे चाललेल्या धंद्यास टिकाऊ म्हणावे की न टिकलेला, यावर चिरंजीवांचा आणि आमचा मेट्रो गाडीत बसेपर्यंत वाद झाला. त्यांचे म्हणणे, यंत्रे जुनी झाली व बदलली नाहीत म्हणून ती बुडाली. आमचे म्हणणे असे की, यंत्रमागाचे स्वस्त कापड आणि परदेशी तेलापासून निघालेला कृत्रिम धागा या दोघांनी मिळून तिचा बाजार खाल्ला. कदाचित दोन्ही खरे असेल.

सीताबर्डी ते लोकमान्यनगर हा मेट्रोचा मार्ग जानेवारी २०२० मध्ये सुरू झाला. गाडी उंचावरून जाते आणि वाटेत अंबाझरीचा तलाव एका बाजूस पसरलेला दिसतो. ज्या तलावाचे पाणी एके काळी नागपूरच्या नळांस येत असे, तोच सप्टेंबर २०२३ मधील एका रात्री भरून वाहिला आणि खालच्या वस्त्यांत पाणी शिरले. आत्याबाईंस ही गाडी फार आवडली. "बसायला धक्का नाही, उतरायला धक्का नाही, मग भाडे कशाचे घेतात?" असे त्यांनी विचारले. लोकमान्यनगरास उतरून आम्ही एक रिक्षा दिवसभरासाठी ठरविली.

प्रथम शेतावर गेलो. हिंगण्यापलीकडे आमचे वडिलार्जित ८ एकर कोरडवाहू शेत आहे आणि ते मक्त्याने दिलेले आहे. कापूस वेचणीस आला होता. पांढरी बोंडे उमलून लोंबत होती. दुरून पाहता शोभा दिसे, जवळ जाता अनेक बोंडे एका कोपऱ्यात डागाळून चिकटलेली दिसली. शेत वाहणारे गृहस्थ बोंड फोडून दाखवीत म्हणाले, "पाहा जी, वरून चांगलं दिसते, अंदर गुलाबी अळी. फवारा मारून मारून हात दुखले, पण ती अंदर बसते, तिले काय होते?" २००२ साली बीटी कपाशीस परवानगी मिळाली, तेव्हा बोंडअळीची पीडा संपली असे सर्वांस वाटले होते. काही वर्षे फवारण्या खरोखरच कमी झाल्या. पुढे गुलाबी अळीने त्या विषासही दाद देईनाशी केली, आणि २०१७ साली महाराष्ट्रात तिने हाहाकार केला. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. कापडाच्या धंद्यातील प्रदूषणाचा विचार रंगाईघराच्या गटारापासून सुरू करण्याची जी आपली सवय आहे, ती आम्हांस अपुरी वाटू लागली ती येथे, या बांधावर.

बांधावरच आम्ही हिशेब मांडला. हिशेबाचा कंटाळा असणाऱ्या वाचकांनी पुढचे दोन परिच्छेद ओलांडून गेले तरी चालेल. पण आमच्या आत्याबाईंनी तो शेवटपर्यंत ऐकला, हे येथे सांगून ठेवतो.

एकरी ५ क्विंटल धरले तर ८ एकरांत ४० क्विंटल कापूस होतो. १०० किलो कापसात रुई सुमारे ३५ किलो निघते. बाकीची सरकी व थोडा कचरा. सरकीचे तेल निघते, ढेप गुरांस जाते, आणि पऱ्हाट्या चुलीत जातात. या पऱ्हाट्यांपासून दाबफळ्या आणि जळाऊ कांड्या करण्याच्या पद्धती कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने सिद्ध केलेल्या आहेत. म्हणजे या झाडाचे टाकाऊ असे काही नाही. ४० क्विंटल कापसाची रुई झाली १४ क्विंटल, म्हणजे १७० किलोच्या गाठी धरल्यास अवघ्या ८ गाठी. शिलाई-कातराईची घट धरून एका सदऱ्यास पाव किलोहून किंचित अधिक रुई लागते. तेव्हा आमच्या शेतातून सुमारे ५,००० सदरे निघतात. आता पैशाची बाजू. २०२५–२६ च्या हंगामाचा हमीभाव मध्यम धाग्यास क्विंटलला ७,७१० रुपये आणि लांब धाग्यास ८,११० रुपये आहे. ८,००० धरले तर ४० क्विंटलांचे ३ लाख २० हजार, म्हणजे सदऱ्यामागे ६४ रुपये. त्यातूनच बियाणे, खत, फवारा, वेचणीची मजुरी. आणि हा भाव मिळाला तर! सरकारी खरेदीत कापसातील ओलावा ८ टक्क्यांवर गेला की कपात, १२ टक्क्यांवर गेला की परत. सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये परदेशी कापसावरील ११ टक्के आयातशुल्क माफ केले आणि ती माफी पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढविली. गिरण्यांस त्याने दिलासा मिळाला हे खरे, परंतु माफीचे हे दिवस आणि शेतकऱ्याच्या वेचणीचे दिवस नेमके एकच होते. चिरंजीवांच्या अंगावरचा सदरा १,४०० रुपयांचा होता. शेत वाहणाऱ्या गृहस्थांनी तो हाताने चाचपून पाहिला आणि काही बोलले नाहीत.

पाण्याचा हिशेब मात्र आम्हांस स्वतःलाच चकित करून गेला. भारतात एक किलो कापूस पिकविण्यास २२,५०० लिटर पाणी लागते, असा एक आकडा पुष्कळ ठिकाणी छापला जातो, आणि तो वाचून सुती वस्त्र नेसणे म्हणजे मोठा अपराध आहे असे वाटू लागते. आमच्या १४ क्विंटल रुईस या मापाने ३ कोटी १५ लाख लिटर पाणी झाले. चिरंजीवांनी मग शेताचे क्षेत्रफळ आणि पाऊस यांचा गुणाकार केला. या भागात वर्षास सरासरी एक मीटर किंवा थोडा अधिक पाऊस पडतो; ८ एकरांवर एक मीटर म्हणजे सव्वातीन कोटी लिटर. दोन आकडे जवळजवळ एकमेकांवर बसले! कालव्याचे किंवा विहिरीचे पाणी आम्ही देतच नाही. जे ढगांतून आले ते पिकाने प्यायले, काही वाफ झाले, काही मुरले, काही ओढ्याने नदीत गेले. कापूस पेरला नसता तरी ते आभाळातून पडलेच असते. नाईल किंवा मध्य आशियातील नद्यांचे पाणी कालव्याने कापसाकडे वळविणे वेगळे (त्यातून अरल समुद्र आटल्याचे सर्व जगाने पाहिले) आणि विदर्भातील कोरडवाहू पऱ्हाटी वेगळी. एकाच आकड्याने दोघांस तोलणारे तराजू आम्हांस मान्य नाही. फवाऱ्याचे विष कोठे जाते, हा प्रश्न अर्थात त्याने सुटत नाही.

दुपारी हिंगण्यास आलो. वेणा नदी गावास लगटून वाहते, पलीकडे रायपूर. पात्रात पाणी बेताचे होते, काठी झुडपे, मधूनच कचऱ्याच्या पिशव्या. पुलावर आत्याबाईंनी रिक्षा थांबवावयास लावली. "ही कोणती नदी?" आम्ही नाव सांगितले. त्या कठड्याला हात लावून बराच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे ही आमचीच." आणि खरोखर ती त्यांचीच होती. वेणा हिंगण्यावरून निघून दक्षिणेकडे वळते, वडगावच्या धरणात अडते, आणि तेथून सुटून हिंगणघाटास जाते. ज्या हिंगणघाटच्या नावाने पूर्वी कापसाची एक जात साऱ्या व्यापारी जगात ओळखली जाई, ते गाव याच पाण्याच्या काठी वसले आहे. आत्याबाईंनी नवी सून म्हणून ज्या घाटावर कळशी बुडविली, त्या घाटाचे पाणी येथून येत होते. साठ वर्षांच्या संसारात त्यांस हे कोणी सांगितले नव्हते आणि त्यांनी कोणास विचारले नव्हते. काठावर एक काटेरी झाड होते, ते हिंगणाचे असावे असे त्या म्हणाल्या. त्याच्या फळाच्या गराने त्यांच्या सासूबाई सोवळ्याचे रेशीम धूत असत.

यानंतर रंगाईघर. त्याचे नाव येथे देण्याचे कारण नाही. पत्र्याची लांबट इमारत, आत वाफ, दमट उष्ण हवा आणि सोड्याचा वास. पोलादी हंड्यांतून विणलेले कापड दोरासारखे फिरत होते. मालक चिरंजीवांचे समवयस्क, मनमोकळे गृहस्थ. त्यांनी काहीही लपविले नाही, हे आम्ही प्रथमच नमूद करतो. सुती कापडास जो रंग आज सर्वत्र वापरतात, तो धाग्याशी रासायनिक रीतीने जखडला जातो. पण तो जखडावा यासाठी पाण्यात मीठ घालावे लागते, गडद रंगास तर कापडाच्या किलोमागे अर्धा किलो आणि कधी त्याहूनही अधिक. इतके करूनही रंगाचा पाचवा हिस्सा, कधी तिसरा हिस्सा, कापडास न लागता धुण्यात निघून जातो. एक किलो कापडास सगळी धुलाई धरून सर्वसाधारणपणे १०० लिटर पाणी. आमच्या शेतातील ५,००० सदऱ्यांचे कापड साडेबारा क्विंटल. म्हणजे पाणी सव्वा लाख लिटर आणि मीठ सहाशे किलोंच्या घरात. कोठे शेतावरचे सव्वातीन कोटी आणि कोठे हे सव्वा लाख! पण ते पाणी ढगांतून आले व नदीस मिळाले. हे पाणी नळाने येते आणि परत जाताना रंग व मीठ घेऊन जाते.

मागच्या बाजूस सांडपाणी शुद्ध करण्याच्या टाक्या होत्या. एका टाकीत लाल-जांभळे पाणी, दुसरीत गाळ, तिसरीत बऱ्यापैकी स्वच्छ दिसणारे पाणी. सौभाग्यवतींनी विचारले, "रंग तर गेला, मीठ कोठे गेले?" कोशिंबीर खारट झाली तर ती गाळून अळणी होत नाही, हे जिला रोजच्या अनुभवाने ठाऊक, तिलाच हा प्रश्न सुचावा. मालक हसले आणि म्हणाले, "मावशी, मीठ त्यातच आहे." जंतूंच्या साहाय्याने किंवा चुन्या-तुरटीने होणाऱ्या शुद्धीकरणात रंग व घाण निघते, विरघळलेले मीठ निघत नाही. ते काढावयाचे तर पाणी बारीक पडद्यांतून दाबाने गाळावे लागते आणि उरलेला खारा अंश आटवून कोरडा करावा लागतो. त्यास यंत्रे लागतात, आणि आटवण्यास इंधन लागते. म्हणजे पाणी वाचवावे तर धूर वाढतो.

ही भीती पुस्तकी नव्हे. तमिळनाडूत तिरुप्पूर येथे सुती गंजिफ्रॉकांचा व विणमालाचा प्रचंड धंदा वाढला. रंगाईघरांचे खारे पाणी नोय्यल नदीत जाऊन खालच्या ओरत्तुपाळयम धरणात साठले, आणि जे धरण शेतीसाठी बांधले त्याचे पाणी शेतीस निरुपयोगी झाले. शेवटी जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या हुकुमाने तेथील शेकडो रंगाईघरांची वीज तोडली गेली. सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडणारी यंत्रणा बसविल्यावरच ती हळूहळू पुन्हा सुरू झाली. कित्येक लहान घरे सुरू झालीच नाहीत. आपल्याकडे इचलकरंजी आणि पंचगंगा यांचे गाऱ्हाणे वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. तिरुप्पूरच्या कहाणीतील एक गोष्ट आम्ही चिरंजीवांस पुनःपुन्हा सांगितली: तेथे नदी आधी बुडाली आणि धंदा मागून बुडाला.

चिरंजीवांचे उत्तर तयार होते. "काका, मग सुती सोडून पॉलिएस्टर रंगवू. त्याला मीठ लागत नाही, पाणीही कमी लागते." हे खरे आहे. पॉलिएस्टरचा मोठा कारखानाही फार दूर नाही, बुटीबोरीसच आहे. तो धागा स्वस्त, मजबूत, आणि गरिबाच्या अंगावर आज जे धड वस्त्र दिसते त्यात त्याचा मोठा वाटा आहे. त्यास नावे ठेवणे पोट भरलेल्यांस सोपे. परंतु तो खनिज तेलातून येतो, प्रत्येक धुण्यात त्याचे सूक्ष्म तंतू पाण्यात सुटतात, आणि ते कुजत नाहीत. या प्रसंगी आम्हांस वर्ध्याच्या मगनवाडीतील जो. का. कुमारप्पांची आठवण झाली. त्यांनी १९४५ साली तुरुंगात लिहिलेल्या 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' या पुस्तकात सृष्टीच्या दोन प्रकारच्या ठेवी सांगितल्या आहेत. कोळसा, तेल, धातू हा साठा. वापरला की सरला. नदीचा ओघ, वाढते रान हा प्रवाह. तो जपला तर चालू राहतो. या मापाने कापूस प्रवाहातला आणि पॉलिएस्टर साठ्यातला. आमचे स्वतःचे मत विचाराल तर, कुमारप्पांचे माप आम्हांस अचूक वाटते आणि तरीही अपुरे वाटते; कारण प्रवाहातल्या कापसास साठ्यातल्या तेलापासून आलेला रंग लागतो, आणि तो लावताना प्रवाहच नासतो.

नैसर्गिक रंगांचा विषय सौभाग्यवतींनी काढला. वर्ध्यास ३० डिसेंबर १९३८ रोजी महात्मा गांधींनी उघडलेल्या मगन संग्रहालयात आजही वनस्पतींच्या रंगात रंगविलेली खादी मिळते. आमच्या घरी तिची दोन पातळे आहेत. रंग डोळ्यांस थंड आणि कापड अंगास सुखकर. पण हिरडा, मंजिष्ठ, डाळिंबाची साल ही रंगद्रव्ये किलोंनी लागतात, रंग पकडण्यास तुरटी किंवा लोखंडाचे क्षार लागतात, आणि साऱ्या देशास या रीतीने रंगीत वस्त्र पुरवावयाचे तर अन्नाची जमीन रंगास द्यावी लागेल. जे घर ते विकत घेऊ शकते त्याने घ्यावे; मात्र तेवढ्याने वेणेचे पाणी सुटले असे समजू नये. मग मालक म्हणाले ते आम्हांस अधिक विचारणीय वाटले: रंगाईस कमी पाणी लागणारी नवी यंत्रे आहेत, कमी मिठाचे रंगही आहेत, धुण्याचे शेवटचे स्वच्छ पाणी पुढच्या हंड्यास वापरता येते. "हे सगळं मला येतं. पण गिऱ्हाईक मीटरला आठ आणे जास्त द्यायला तयार नाही." या वाक्यावर आमचे कोणाचे उत्तर नव्हते, कारण दिवाळीच्या खरेदीत आम्ही स्वतः कोणत्या दुकानातून कोणत्या दुकानात आणि किती रुपयांसाठी हिंडलो, ते सर्वांस आठवत होते.

चहा झाला. आत्याबाईंनी आतापर्यंत रंगाईघराविषयी एक अक्षर काढले नव्हते. निघताना त्यांनी मालकास विचारले, "तुमच्याकडे ते मीठ आटवायचे यंत्र घ्यायचे म्हटले तर किती लागतील?" मालकांनी सांगितले, एकट्यास ते परवडणार नाही; पाच-सात जणांनी मिळून घेतले तर जमेल, पण पाच-सात जण एकत्र येतील तर ना! आत्याबाईंनी आकडा विचारला, त्यांनी अंदाजाने तो सांगितला, आणि आमच्या चिरंजीवांचा चेहरा पडला. कारण त्यांच्या तक्त्यात ही रकमेची ओळच नव्हती.

परतीच्या मेट्रोत गर्दी होती. वसाहतीतून सुटलेले कामगार, डबे, पिशव्या, दमलेले चेहरे; त्यांतील पुष्कळांच्या अंगावर पॉलिएस्टरचेच सदरे. एका मुलाने उठून आत्याबाईंस जागा दिली. त्या बसल्या आणि भाच्याच्या मुलास जवळ बोलावून म्हणाल्या, "बाळ, पैसे मी देईन. पण ते यंत्र धरून हिशेब कर, आणि बाकीच्या त्या पाच-सहा जणांना आधी विचारून ये. नाही जमले तर मला तसे सांग, मी रागावणार नाही." थोडे थांबून पुन्हा म्हणाल्या, "हिंगणघाटास अजून आपली माणसे आहेत."

चिरंजीवांनी खिशातून कागद काढला. अंबाझरीवर अंधार पडला होता. सीताबर्डी आली तेव्हा कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या होत्या, आणि ते आमच्याकडे आणखी एक कागद मागत होते.